पाटीभर माती

९ फेब्रुवारी १९३४, करंजमाळ

आज नवी वही काढली. घरी आम्ही उर्दू बोलतो, पण मी शिकलो येवल्याच्या मराठी शाळेत, त्यामुळे लिहायचं म्हटलं की हात मराठीतच चालतो. माझ्या बायकोला, अनवरीला, मराठी वाचता येत नाही, हा आणखी एक फायदा. मनात येईल ते लिहिता येईल.

नाशिकहून पेठपर्यंत लॉरी, पुढे बैलगाडी, आणि बैलांनीही मान टाकली तिथून पायपीट. करंजमाळ म्हणजे डोंगराच्या माथ्यावरच्या सपाटीला चिकटून बसलेली कोकणा लोकांची दहा-बारा घरं. भिंती कारवीच्या कुडाच्या, वर गवत. माझा तंबू पाड्याच्या कडेला आंब्याखाली ठोकला आहे.

काम सोपं आहे. आमच्या जंगल खात्याचे गुप्ते साहेब या टापूतल्या रानाची नवी योजना करत आहेत. कुठे कोणतं झाड येतं, तिथे माती कशी आणि किती खोल, उंची किती, हे मी पाहून लिहायचं. त्यावरून नकाशात दोन रंग भरले जाणार. जिथे साग येऊ शकतो ते हिरवं. ते बंद होणार, तिथे गुरं नाहीत, कुऱ्हाड नाही, वस्तीही नाही. जिथे साग येऊ शकत नाही ते पिवळं, ते पाड्यांना नागलीला, म्हणजे नाचणीला, आणि चराईला राहणार. करंजमाळचा माथा तर उघडाबोडका आहे. इथे पिवळाच रंग भरायचा, हे मला नाशकात बसूनच ठाऊक होतं.

पाड्याचा म्होरक्या बुधा म्हणून एक म्हातारा आहे. त्याला म्हटलं, "घाबरू नका, तुमचा माथा पिवळा आहे." तो म्हणाला, "मंग तुमी आलेच कशाला, सायेब?" प्रश्न वाजवी होता. 

१२ फेब्रुवारी

आज मी आणि सोमा ओढ्यापासून माथ्यापर्यंत सरळ चढलो. सोमा आमचा गार्ड. खड्डे खणायचा त्याला मनस्वी कंटाळा, जेवणाचा अजिबात नाही.

अब्बांच्या मागावर पैठणीचा काठ कुठे संपतो आणि अंग कुठे सुरू होतं, ते बोट ठेवून दाखवता येतं. डोंगरावरही तसंच आहे, हे मी पुस्तकात वाचलं होतं, आज पायांनी पाहिलं. तळाला ओढ्याकाठी काळा गाळ, त्यात कळंब, करंज, उंबर. थोडं वर चढलं की उताराची तांबूस माती लागते, कमरेइतकी खोल, पाणी न साचू देणारी. ते सागाचं राज्य, सोबतीला सादडा आणि धावडा. कड्याच्या खांद्याशी माती एकदम उथळ होते आणि साग तिथेच थांबतो. वर म्हणून पाऊल टाकत नाही. तिथून पुढे हिरडा, जांभूळ, तेही ठेंगणे, वाऱ्याने एका बाजूला झुकलेले. आणि अगदी वर कारवी, गवत, कातळ. साहेबांच्या छापील पुस्तिकेत हेच लिहिलं आहे. या उंचीवर, या मातीत साग नाही.

इतका आनंद झाला की सोमाला माझ्या वाट्याचा गूळ दिला.

ओढ्याच्या एका काठाला माणसांनी गाळ काढून काढून मोठं खांड, खिंडारच, पाडलं आहे. सोमा म्हणाला, विटांसाठी काढत असतील. पाड्यात वीट एकही दिसत नाही. असो.

१५ फेब्रुवारी

आज थोडं मनाला लागलं, म्हणून लिहितो.

बुधाची सून भागीबाई रोज पाणी आणि नागलीची भाकर आणून देते. बोलण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. माझ्या दाढीपासून सोमाच्या घोरण्यापर्यंत सगळ्यांवर तिचं मत तयार असतं. मातीचे नमुने आणायला मला बांबूची पाटी हवी होती. इथे प्रत्येक घराच्या दारावर एक पाटी पालथी टांगलेली असते, बुडाला वाळलेला चिखल. वर्षभर धूळ खात असावी, कारण वापरताना मी कोणाला पाहिलं नाही. मी भागीबाईच्या दारावरची काढायला हात वर केला, तर तिने धावत येऊन तो हात खालीच ओढला.

"ती नाय."

"का? पडूनच तर आहे."

"नाय म्हंजे नाय."

न विचारता दहा गोष्टी सांगणारी बाई विचारल्यावर गप्प झाली. मग आत जाऊन दुसरी पाटी घेऊन आली. "ही न्या. माझ्या नवऱ्याच्या नाकावानी वाकडी हाय, पर माती धरंल," म्हणाली आणि हसली. मीही हसलो. तंबूत आल्यावर मात्र वाटलं की मुसलमानाचा हात लागू नये म्हणून असेल. पण मग भाकर तिच्याच हातची खातो, पाणी तिच्याच घड्यातलं पितो, माझा पेला ती स्वतः घासते. त्याचं काय? काही कळत नाही.

२० फेब्रुवारी

जेवण बाजूला ठेवून आधी हे लिहितो.

माथ्याच्या मागच्या अंगाला एक खळगा आहे. त्यात राई आहे, वाघदेवाची. इतके दिवस कोणी सांगितलं नव्हतं. सोमा पाड्यातली हरवलेली शेळी शोधत गेला म्हणून कळलं. आत गेलो आणि उभाच राहिलो. साग! माझ्या दोन हातांच्या कवेत मावेना असा साग, जिथे पुस्तिकेप्रमाणे सागाचं रोपही उगवू नये. शेजारी सादडा. आणि कळंब, ओढ्याच्या पाण्यात पाय बुडवून उभं राहणारं झाड, इथे डोंगराच्या डोक्यावर!

खणायला परवानगी मागितली. बुधाने बराच वेळ घेतला. मग नारळ फोडायला लावला आणि राईच्या अगदी कडेला जागा दाखवली. सोमाने खणलं. काळी, मऊ, भुसभुशीत माती. गुडघ्याइतकी, मग कमरेइतकी, तरी कातळ नाही. मातीत गोगलगायींचे पांढरे शंख निघाले, ओढ्यात असतात तसे. राईच्या बाहेर पाऊल टाकून खणलं तर वीतभर मुरूम आणि खाली खडक.

शंखांवरून मला वाटतं, फार पूर्वी इथे माथ्यावर तळं असावं. हे कोणी आजवर लिहिलेलं नाही. मी लिहीन.

२१ फेब्रुवारी

सावध माणसाने करायचं ते मी केलं. बुधाला आणि पाड्याला एकत्र बसवून सरळ विचारलं, "राईतली माती कोणी कुठून आणलेली आहे का?"

बुधाने खाली पाहिलं, मग राईच्या दिशेला पाहिलं. म्हणाला, "नाय."

"कोणीच? कधीच?"

"देवाची माती हाय. देवाचीच."

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. भागीबाईचे दोन्ही घडे भरलेले होते, तरी ती उठून पाण्याला गेली. मला वाटतं सरकारी प्रश्नांना हे लोक भितात. मी तसा जबाब लिहून घेतला, बुधाचा अंगठा घेतला. "ह्यो कागुद कशाला?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, "फक्त मातीबद्दल आहे, बाबा. तुमच्याबद्दल नाही."

४ मार्च

अहवाल लिहून झाला. मला स्वतःला तो आवडला, हे इथे लिहायला हरकत नाही.

मुद्दा असा की उंचीमुळे साग अडत नाही, मातीमुळे अडतो. राईत माती आहे म्हणून साग आहे. मग राईबाहेर माती का नाही? कारण पाडा झाडांच्या फांद्या तोडून भाताच्या आणि नागलीच्या वाफ्यांवर राब भाजतो, गुरं चारतो, आणि उघड्या पडलेल्या जमिनीवरून पाऊस माती धुऊन नेतो. राईत कुऱ्हाड गेली नाही म्हणून तिथली माती टिकली. शेवटचं वाक्य लिहिलं, "मनुष्याचा उपद्रव नसता तर हा सर्व माथा राईसारखाच झाला असता." दोनदा मोठ्याने वाचलं. सोमा म्हणाला, बरं जमलंय.

मग लक्षात आलं की याचा अर्थ माथा हिरवा. मी बुधाला पिवळा म्हणालो होतो. पण एका वाक्यावरून साहेब काही लगेच गाव उठवणार नाहीत. आणि उठवलाच तर खाली यापेक्षा चांगली जमीन मिळेल. इथे आहे काय? कातळ.

तरी आज भागीबाईने आणलेली भाकर पूर्ण खाववली नाही.

१७ जून, नाशिक

गुप्ते साहेबांनी कचेरीत सगळ्यांसमोर पाठ थोपटली. "निसार, तुम्ही डोळे उघडे ठेवून हिंडता," म्हणाले. रेंजरच्या जागेसाठी माझं नाव वर पाठवणार आहेत. अनवरीने शीरखुर्मा केला. ईद नसताना.

मग साहेबांनी हुकूम दाखवला. करंजमाळचा माथा बंद. पुढच्या उन्हाळ्यात पाडा खाली, नदीच्या पलीकडे हलवायचा. त्यानंतरच्या पावसाळ्यात सगळ्या माथ्यावर सागाची रोपं.

मी म्हटलं, "साहेब, राई अगदी एवढीशी आहे."

ते म्हणाले, "नमुना एवढासाच असतो."

 हे त्यांनी माझ्याच अहवालातून उचललं होतं.

२९ सप्टेंबर, करंजमाळ

सांगायला मलाच पाठवलं. योग्यच आहे.

मला वाटलं होतं लोक ओरडतील, शिव्या देतील. तयारी करून गेलो होतो. कोणी ओरडलं नाही. नागली निसवली आहे, माथा कसा हिरवागार दिसतो. बुधा तिच्याकडे पाहत होता. म्हणाला, "तुमी पिवळा म्हनले व्हते."

"हो, म्हणालो होतो."

"मंग?"

मी मातीचं, उंचीचं, सागाचं सगळं समजावून सांगितलं. समजावता समजावता माझाच आवाज मला परका वाटायला लागला. संध्याकाळी भागीबाई भाकर ठेवून गेली. तोंडातून शब्द नाही. शिव्या परवडल्या असत्या.

३ नोव्हेंबर

आज वाघबारस. या दिवशी हे लोक वाघदेवाला पुजतात, गुरांना वाघाने धरू नये म्हणून. दिवस कलायला लागला तसा पाडा एकदम शांत झाला. कोणी कोणाशी बोलेना. मी तंबूच्या दारात बसलो होतो. पाहतो तर सगळ्या दारांवरच्या पालथ्या पाट्या खाली उतरलेल्या.

मी अंतर ठेवून मागोमाग गेलो. ते सगळे ओढ्यावर उतरले. त्या खांडाशी. प्रत्येक घराने पाटीभर काळा गाळ काढला, डोक्यावर घेतला आणि तो उभा डोंगर चढायला लागले. बुधासुद्धा. त्याला धाप लागत होती, तो थांबायचा, पण पाटी खाली ठेवत नव्हता. भागीबाईने त्याच्याकडे वळून पाहिलं, पण हात दिला नाही, बोलली नाही. राईत जाऊन एकेकाने आपली पाटी झाडांच्या बुडाशी ओतली. हाताने पसरली. आणि तसेच मुक्याने परतले.

मी राईबाहेर खडकावर बसून राहिलो. ओढ्यातला गाळ, ओढ्यातले शंख, ओढ्याकाठचा कळंब. सागाचं बी त्याच पाट्यांतून वर आलं असणार. किती पिढ्यांच्या पाट्या असतील? तळं कसलं आलंय! वीट कसली आलीय! सगळं माझ्या डोळ्यांसमोर टांगलेलं होतं आणि मी ते नमुने भरायला मागत होतो.

इथे माणसांनी माती आणली म्हणून झाडं आहेत. मी लिहिलं, माणसांमुळे माती गेली.

४ नोव्हेंबर

सकाळीच बुधाकडे गेलो. म्हटलं, "बाबा, मी पाहिलं. तुम्ही माती नेता. मग मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

तो आधी माझ्यासमोर येऊन बसला. मग म्हणाला, "तुमी पाह्यलं ते तुमी पाह्यलं. आमी काय नेलं नाय."

"साहेबांना एवढंच सांगा. माती आणलेली आहे, बाकीच्या माथ्यावर साग येणार नाही. पाडा वाचेल."

"देवाला दिल्यालं तोंडानं काढलं का ते दिल्यालं ऱ्हात नाय. माघारी फिरतं. माझ्या बापाचं, त्याच्या बापाचं, समद्यांचं."

"आणि घर जाईल त्याचं काय?"

"घर बांधता येतंय."

मी रागावलो. नको ते बोललो. तुमच्या या हट्टापायी लेकरं उघड्यावर पडतील, असंही बोललो. तो ऐकत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "तुमी सांगा की. तुमी कुठं काय वाह्यलं हाय?"

तेच करणार आहे. आजच साहेबांना लिहितो.

२६ नोव्हेंबर

साहेबांचं उत्तर आलं. गोड भाषेत आहे. माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक आहे. पण पाड्याने स्वतःच्या अंगठ्यानिशी नाही म्हटलेलं आहे. मी दुरून पाहिलेल्या पाट्यांत शेणखत नसेल कशावरून? जानेवारीत ते स्वतः येणार आहेत. पाड्यातलं कोणी समोर येऊन सांगेल, तर विचार करतील.

पाड्यातलं कोणी. मी घरोघर हे सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि बसायला घोंगडी दिली. भागीबाई दळत होती. तिने जातं थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि परत फिरवायला लागली.

१० जानेवारी १९३५

आज साहेब आले. आंब्याखाली खुर्ची टाकली. पाडा समोर बसला. मी साहेबांच्या मागे उभा, म्हणजे लोकांना माझं तोंड दिसत होतं आणि मला त्यांचं.

साहेबांनी विचारलं, "राईतली माती आणलेली आहे असं हे म्हणतात. खरं का?"

बुधा गप्प. सगळे गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं. आंब्यावर कावळा ओरडत होता, तेवढाच आवाज. साहेब कागद आवरायला लागले. तेवढ्यात भागीबाई उठली. पदर डोक्यावरून घेतला. 

"आमी नेतो," ती म्हणाली. "वाघबारशीला. वढ्यातला गाळ. पाटीपाटीनं. माझ्या सासूनं नेला, मी नेते. माथ्यावर काय बी नाय, सायेब. माती नाय. आमी नेली तेवढीच माती हाय."

बुधाने डोळे मिटून घेतले. एक म्हातारी तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

साहेब वाईट माणूस नाही, हे मला लिहायलाच हवं. त्यांनी आवाज चढवला नाही. जबाबाचा कागद काढला आणि वाचून दाखवला. माझं अक्षर. मग म्हणाले, "बाई, तेव्हा सगळे नाही म्हणालात. आज घर जायची वेळ आली तेव्हा हो म्हणताय. मी कोणतं खरं धरू?"

"हे."

"आणि पाटीने कुठे डोंगर भरतो का?" असं म्हणून ते हसले, माझ्याकडे वळून, मीही हसावं म्हणून.

मी म्हटलं, "साहेब, ती खरं बोलतेय. मी पाहिलंय."

"तुमचं मन मऊ आहे, निसार," ते म्हणाले. "या नोकरीत तेवढी एकच खोट."

११ जानेवारी

भागीबाईच्या दारावरची पाटी आज दिसली नाही. पाडा तिच्याशी बोलत नाही. रागाने नाही, भीतीने, जसं साथ आलेल्या घरापासून लांब राहतात तसं. मी तिच्या दाराशी गेलो. काय बोलणार होतो कोण जाणे.

तीच म्हणाली, "देवबी गेला न् घरबी. येक तरी वाचंल म्हनून उठले व्हते."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुमी काय करनार, सायेब." हे ती मनापासून म्हणाली. तेच सहन होत नाही. मी काय करणार? हुकूम माझ्याच अहवालावर निघाला, आणि तो मागे घ्यायला माझ्याच शब्दाला किंमत नाही.

२ फेब्रुवारी, नाशिक

राजीनामा लिहिला. अनवरीने विचारलं काय लिहिताय, मी सांगितलं. ती म्हणाली, "तुम गए तो दूसरा आएगा. पाडा तो फिर भी उठेगा." अब्बांचा निरोप आहे की येवल्यात मागाला गिऱ्हाईक नाही, इकडे यायचा विचारही करू नकोस. राजीनामा फाडला. रेंजरच्या जागेवर दुसऱ्या कोणाचं नाव गेलं आहे. एवढंच एक बरं झालं.

२३ एप्रिल, करंजमाळ

आज पाडा उठला.

कारवीचे कूड सोडवून मोळ्या बांधल्या. घरं इतकी हलकी असतात हे मला माहीत नव्हतं. दुपारपर्यंत माथ्यावर फक्त चुली आणि उखळांचे खड्डे राहिले. प्रत्येकाने आपली पाटी सामानावर सगळ्यांत वर, पालथी बांधली होती. बुधा जाताना राईकडे गेला नाही. उभ्या जागेवरून हात जोडले, मग मलाही जोडले. मला कशाला?

भागीबाई सगळ्यांच्या मागे, थोडं अंतर राखून चालत होती. माझ्या तंबूशी थांबली. तिच्या हातात ती पाटी होती, दारावरची. बुडाला वाळलेला चिखल तसाच.

"सायेब, तुमाला पाटी पायजे व्हती ना?"

मी उठून उभा राहिलो.

"घ्या. आता कशालाबी चालंल."

माझ्या पायाशी ठेवली आणि गेली. तिचा माझ्यावर राग असेल तर तो मला समजावा, इतकी तरी मेहेरबानी व्हावी. पण ती तसं बोललीच नाही. हवी होती ना, म्हणून दिली.

१८ ऑगस्ट

माथ्यावर सागाची रोपं लावून दोन महिने होत आले. कातळात पहारीने खड्डे पाडले, त्यात मुरूम भरला, रोपं उभी केली. पाऊस आला, खड्डे हौदासारखे भरले. मुळं कुजली. ज्या उतारावर होती तिथला मुरूमच वाहून गेला, रोपं आडवी. जी उभी आहेत त्यांची पानं पिवळी.

शेवटी पिवळंच. सोमाला हे सांगून हसायला गेलो, पण हसू आलं नाही.

९ ऑक्टोबर

साहेबांचं पत्र. रोपं मेली याचं कारण, खालून लोक चोरून गुरं सोडत असणार. पहारा वाढवा. विशेषतः त्या लोकांचा डोंगरावरचा सण जवळ आला आहे, त्या दिवशी एकही माणूस वर येऊ देऊ नये. जबाबदारी माझी.

इथे पावसाळ्यात एकही जनावर फिरकलं नाही. कोण येणार? सोमा खाली जाऊन आला. नदीपलीकडच्या काळ्या चिकट जमिनीत नागली पाण्यातच बसली. निम्मी माणसं सायखेड्याकडे मजुरीला गेली, त्यात भागीबाईही आहे. बुधा जागेवरून उठत नाही, डोंगराकडे तोंड करून बसतो, असं सोमा म्हणाला. मग बराच वेळ चिलीम ओढत बसला.

संध्याकाळी राईत गेलो. मी खणायला लावलेल्या खड्ड्याच्या तोंडातून पावसाने वाट काढली आहे. काळी माती ओघळून खडकावरून खाली गेली, तिचा पट्टा दिसतो. मोठ्या सागाची एका बाजूची मुळं उघडी पडली आहेत. आता कळलं की दरवर्षी पावसात थोडी माती जात असणार, आणि दरवर्षी वाघबारशीला तेवढी परत येत असणार. म्हणून राई उभी होती. यंदा गेली ती गेली.

हे साहेबांना लिहिलं तर ते काय म्हणतील, ते मी इथे बसून सांगू शकतो. लिहिलं नाही.

२३ ऑक्टोबर

आज वाघबारस. हुकुमाप्रमाणे पहारा ठेवला. खालून कोणीही वर आलं नाही, तसं वहीत आणि साहेबांच्या पत्रात लिहिलं आहे.

सोमाला दुपारीच सुट्टी देऊन पेठला पाठवलं. मी दिवस कलल्यावर ओढ्यावर गेलो आणि तिथून राईपर्यंत चढलो. मला वाटलं होतं त्यापेक्षा चढ फार उभा आहे. वाटेत दोनदा थांबावं लागलं. कोणी भेटलं नाही, आणि भेटलं असतं तरी मी बोललो नसतो.

का गेलो, काय केलं, ते लिहीत नाही. यापुढेही या दिवसाबद्दल काही लिहिणार नाही.

खांदे दुखताहेत. पाटी तंबूच्या दारावर पालथी टांगली आहे.